आवडीच्या शिव्यांची अळंबी

फार वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. किती वर्षांपूर्वीची ते मला विचारू नका. मोजत बसायला तेव्हा कुणाला वेळ नव्हता. डोंगराच्या पायथ्याशी आपली ही कुंभ्याची वाडी तेव्हाही होती. वरच्या अंगाला खोताचं घर होतं, खालच्या अंगाला तीस-चाळीस गवती घरं होती, आणि सगळ्यात शेवटी, जिथून रान सुरू होतं तिथे, आवडी नावाची बाई राहायची.

नाव आवडी, पण गावात ती कुणालाच आवडत नव्हती. जिभेला हाड नाही म्हणतात ना, तशी. चुकीला चूक म्हणायची आणि तीसुद्धा ओरडून. असं म्हणतात, की ती एकदा ओरडली की डोंगरापलीकडची कुत्री भुंकायची थांबायची. हसू नका. तुम्हीही थांबला असतात.

पण ती जन्मतः अशी नव्हती, हे कुणी सांगत नाही. मी सांगते. लग्न होऊन आली तेव्हा गरीब गाईसारखी होती. तिचा नवरा धाकू, साधा माणूस. एका पावसाळ्यात त्यानं रानातून पांढरीशुभ्र, देखणी अळंबी आणली. आता तेव्हा गावात एक पद्धत होती. अळंबी शिजत असताना भांड्यात चांदीची अंगठी टाकायची. अंगठी काळी पडली तर अळंबी विषारी, नाही पडली तर खुशाल खा. कुणी ठरवलं हे? कुणीच नाही! आज्यानं केलं म्हणून बापानं केलं, बापानं केलं म्हणून मुलानं. धाकूनं अंगठी टाकली, अंगठी लख्ख निघाली, धाकू पोटभर जेवला आणि चौथ्या दिवशी गेला. आवडीला दिवस गेले होते, अन्नाचा वासही सहन होत नव्हता, म्हणून ती जेवली नव्हती. तेवढ्यानं वाचली.

गाव जमलं आणि म्हणालं, नशीब. आवडीनं ती अंगठी ओढ्यात भिरकावली आणि पहिल्यांदा ओरडली, "नशीब कसलं? तुमची अक्कल मेली म्हणून माझा नवरा मेला!" त्या दिवसापासून तिचा आवाज खाली आलाच नाही.

दुसरी कुणी असती तर तिनं पुन्हा अळंबीचं नाव काढलं नसतं. पण आवडीनं ठरवलं, की ज्यानं माझं घर मोडलं त्याचं कूळ शोधल्याशिवाय राहायचं नाही. येसू नावाची मुलगी झाली. तिला आधी पाठीला बांधून, मग बोटाला धरून आवडी बारा पावसाळे रान फिरली. असं म्हणतात, की ती वारुळाला कान लावून तासन्‌तास बसायची आणि आतली वाळवी तिच्याशी बोलायची. वाळवीनं तिला सांगितलं, की आम्हीसुद्धा शेती करतो. पानं-काटक्या चावून आत मऊ लादी रचतो, त्या लादीवर तुमची अळंबी रुजते, आणि तिचा दांडा वारुळाच्या पोटातून वर येतो.

मग आवडीला सगळं समजायला लागलं. श्रावणाच्या सुमाराला दोन दिवस घामाघूम उकाडा झाला, विजा कडाडल्या आणि बारीक पाऊस लागला, की वारुळावर अळंबी येणार. खळ्याकडेला भाताचा पेंढा भिजून आतून गरम झाला, की त्यावर दुसरी येणार. पांगाऱ्याचा ओंडका सावलीत पडून राहिला, की त्याच्या अंगावर शिंपल्यांसारखी तिसरी, जिला आता धिंगरी म्हणतात. ऊन नको, साचलेलं पाणी नको, कोंडलेली हवा नको. ऊब हवी, ओल हवी, सावली हवी. आवडी म्हणायची, बाळंतिणीच्या खोलीसारखी जागा लागते तिला. आणि विषारी कुठली ते ओळखायची युक्ती? एकच. जी आपल्या पक्क्या ओळखीची नाही ती विषारीच समजायची आणि तोंडात घालायची नाही. चांदीला काही समजत नाही, कुणी भांड्यात लसूण टाकून बघतं, त्या लसणालाही काही समजत नाही. किडे खातात म्हणून माणसानं खावी म्हणाल, तर किड्याचं पोट वेगळं आणि तुमचं वेगळं.

ती अळंबी काढायचीही रीतसर. लोखंड लावायची नाही, हातानं अलगद पिरगळून काढायची. तीनांतली एक ठेवायची, ती उमलून, सडून, बी सांडून तिथेच पडू द्यायची. वारुळाला नखसुद्धा लावायची नाही. कुणी तिसरी काढताना दिसला, की त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार व्हायचा.

गाव तिच्याकडून अळंबी घ्यायचं, चाटूनपुसून खायचं आणि पाठ वळली की तिला तोंडाळ म्हणायचं. फुकटचं खाऊन नावं ठेवायची, ही आपल्या गावाची जुनी खोड आहे.

आणि मग ते झडीचं साल आलं. मृगात लागलेला पाऊस थांबेचना. रोपं शेतातच कुजली. कणग्या तळाला गेल्या, उरलेल्या दाण्याला बुरशी धरली. पेजेत भाताची शितं मोजून घ्यायची वेळ आली. त्यातच येसू बाळंतपणाला आईकडे आली आणि तिला मुलगी झाली. गावात त्या महिन्यात आणखी पाच बाया बाळंत झाल्या होत्या. सहा बाळंतिणी, सहा बाळं आणि घरात दाणा नाही. येसूचं अंग मुळातच नाजूक, पहिल्याच आठवड्यात तिचं दूध कमी पडायला लागलं. बाळ रात्रंदिवस रडायचं.

पण रानाच्या कडेला एक वारूळ होतं, दोन पुरुष उंच. असं म्हणतात, की त्या वारुळानं त्या साली चाळीस दिवस अळंबी दिली. सकाळी काढावी आणि दुसऱ्या सकाळी पुन्हा टोपली भरावी. आवडीनं गावाला उभं करून सांगितलं, "आधी बाळंतिणी. मग पोरं. मग म्हातारी. मग राबणारे बाप्ये. आणि मग खोत. कुणाची तक्रार आहे?" तिच्यासमोर तक्रार करायची कुणाची छाती!

ती अळंबी मिठा-हळदीच्या पाण्यात धुवायची, मूठभर कुळथाबरोबर शिजवायची आणि येसूला वाढून बाकीच्या पाच घरी स्वतः नेऊन द्यायची. उरलेली चुलीवर माळ करून सुकवायची. दहा दिवसांत बायांच्या तोंडावर तकाकी आली. येसूला दूध उतरलं. बाळ पोटभर पिऊन झोपायला लागलं. आता शाळेतले गुरुजी सांगतात, की अळंबीत प्रथिनं असतात, लोह असतं, जीवनसत्त्वं असतात, चरबी नाही आणि पोटाला जड नाही. खरं असेल. आवडीला हे शब्द येत नव्हते. तिला एवढंच दिसत होतं, की नात जगतेय.

आणि हे पाहवलं नाही एका माणसाला. विसोबा खोत. त्याच्या घरी उपाशी कुणी नव्हतं बरं का! कणग्या भरलेल्या होत्या, फक्त दरवाजाला कडी होती. पण अळंबीत त्याचा नंबर शेवटचा लागला होता, हे त्याला झोंबलं. रानाची कडा माझी, त्यावरचं वारूळ माझं, आणि एक तोंडाळ विधवा मला रांगेत शेवटी उभा करते? त्यानं विचार केला. काय विचार केला, ऐका. गाय दारात बांधली की दूध दारात मिळतं. मग वारूळ दारात आणलं की अळंबी दारात मिळेल! आणि एवढी अक्कल पाजळून त्यानं बारा गड्यांना हाक मारली.

आता खोत मूर्ख होता, हे सोडा. पण ते बारा जण? त्यांतल्या तिघांच्या बायका बाळंतीण होत्या! आवडीची अळंबी खाऊन त्यांची बाळं जगत होती! त्यांच्यातला एकजण तरी "नाही" म्हणाला का? एकही नाही. बारा जण पहारी घेऊन गेले, वारूळ मुळापासून उखडलं, बांबूच्या तिरडीवर घातलं आणि वाजतगाजत निघाले. ढोलसुद्धा होता.

आवडी ओढ्यावर होती. ढोल ऐकून धावत आली आणि वाटेत आडवी उभी राहिली. "अरे मुडद्यांनो, ते वारूळ आहे, गाय नव्हे! खाली ठेवा! ते मेलं तर माझी येसू मरेल, तुमच्या बायका मरतील!"

पुढे खांदा दिलेला एकजण मान खाली घालून म्हणाला, "आम्ही काय करणार आवडे? खोतांनी सांगितलं."

"खोतानं तोंडानं सांगितलं," आवडी म्हणाली. "खांदा कुणाचा आहे?"

ते तिला वळसा घालून गेले.

खोताच्या अंगणात वारूळ उभं केलं. त्यावर पाणी शिंपडलं, हळदकुंकू वाहिलं. दुसऱ्या दिवशी खोत तांब्या घेऊन बघायला आला. काही नाही. चौथ्या दिवशी काही नाही. येणार कुठून? आतल्या लाद्या फुटलेल्या, सावली गेलेली, वरून पागोळीचं पाणी पडतंय.

इकडे आवडीनं सुकवलेल्या माळा काढल्या. सहा घरांत वाटल्या आणि पाच दिवसांत संपल्या. रानात दुसरीकडे शोधून ती पायांची सालटं काढून आली, पण झडीनं सगळं कुजलं होतं. येसूचं दूध आटलं. मग ताप आला. आवडीनं खोताच्या दारात जाऊन पायलीभर तांदूळ मागितले. आयुष्यात तिनं कुणाकडे काही मागितलं नव्हतं. खोत म्हणाला, "रांगेत उभी राहा, शेवटी." अकराव्या दिवशी येसू गेली. बाळ तिच्या कुशीत होतं.

आवडी रडली नाही. तिनं बाळाला छातीशी बांधलं, वारूळ होतं तिथल्या खड्ड्याच्या काठावर जाऊन बसली, डोक्यावर इरलं घेतलं, आणि तोंड उघडलं.

असं म्हणतात, की ती सात दिवस बोलत होती. एकेकाचं नाव घेऊन बोलत होती. कुणी शेजाऱ्याचा बांध कोरला, कुणी म्हाताऱ्या आईला उपाशी ठेवलं, कुणी भरली कणगी झाकून रिकामी दाखवली, सगळं. घरात दारं लावून बसलं तरी आवाज आत यायचा. कानात बोटं घातली तरी यायचा. बायांना तो ऐकवेना. उरलेल्या पाच बाळंतिणी, अंगात त्राण नव्हतं तरी, एकामागून एक भिजत तिथे जाऊ लागल्या आणि होतं नव्हतं ते दूध येसूच्या बाळाला पाजू लागल्या. आवडी त्यांनाही शिव्या देत होती, पण बाळाला त्यांच्या हातात देत होती. तरी बाळाचं रडणं दिवसेंदिवस बारीक होत गेलं. चौथ्या दिवशी ते रडायचं थांबलं, नुसतं बघायला लागलं.

तेव्हा ते बारा जण आले. हात जोडून म्हणाले, "आये, चुकलं."

"हात जोडू नका, हात चालवा!" आवडी कडाडली. "चुकलं म्हणायला तोंड लागतं, खड्डा भरायला हात लागतात. माझी माती मला परत आणा!"

ते खोताकडे गेले, आणि बघतात तर काय! अंगणात रिकामी माती होती. वाळवी गेली होती घरात. तिची शेती मोडली होती ना, मग तिनं खोताच्या घराचीच शेती केली. खांब आतून पोकळ, तुळया पोकळ, कणग्यांची तट्टं भुसा झालेली, आतला दाणा मातीला मिळालेला. असं म्हणतात, की खोत त्यांना हाकलायला दारात आला, त्यानं चौकटीला हात टेकला आणि चौकट हातात आली. मागोमाग आढं खाली बसलं. खोत नेसत्या धोतरानिशी घाट चढून गेला तो पुन्हा दिसला नाही. त्याच्यासाठी कुणी हळहळलं असेल तर मला माहीत नाही.

बारा जणांनी टोपल्या भरल्या. मातीचा कण, लादीचा तुकडा, वाळवी लागलेलं लाकूड, जे मिळालं ते हातानं वेचून आणलं. आवडी सांगत होती तसं करत गेले. खड्डा भरला, वर कुजका पाला घातला, पांगाऱ्याचे ओंडके कडेनं लावले, खोताचा भिजलेला पेंढा आणून रचला, वरून फांद्यांची सावली केली. मग सगळं गाव तिथे उभं राहिलं. आवडी शेवटच्या दिवसाच्या शिव्या देत होती. उकाडा असा, की श्वास कोंडावा. सातव्या दिवशी संध्याकाळी वीज कडाडली, आणि आवडी गप्प झाली.

आठव्या दिवशी सकाळी, जिथवर तिचा आवाज पोचला होता तिथवर अळंबी उगवली होती. वारुळाच्या जागी, पेंढ्यावर, ओंडक्यांवर, बांधावर, घरांच्या उंबऱ्यांशी. पाय ठेवायला जागा नव्हती. म्हणून जुनी माणसं म्हणतात, आपल्याकडची अळंबी पावसाची नाही, शिव्यांची आहे.

लोक वाकले. आणि एका शहाण्यानं काय करावं? बोटातली चांदीची अंगठी काढली! धाकू गेला, इतकी वर्षं बाई घसा फोडून सांगतेय, आणि ह्याची अंगठी निघाली! आवडीनं त्याच्या हातावर असा फटका मारला, की अंगठी कुठे उडाली ती आजतागायत सापडली नाही. मग तिनं एकेक अळंबी स्वतः हातात घेऊन पाहिली. खायची इकडे, फेकायची तिकडे. दुपारपर्यंत पाच टोपल्या भरल्या. पाच बाळंतिणींना समोर बसवलं आणि स्वतः वाढलं. "खा गं भवान्यांनो, खा! माझ्या येसूच्या वाटचं खा!"

तेव्हा कुठे तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. बाया रडत रडत जेवल्या.

तिसऱ्या दिवशी पाचहीजणींना दूध उतरलं. पाचजणींनी पाळीपाळीनं पाजलं, आणि सहाव्या दिवशी बाळानं असा टाहो फोडला, की खालच्या वाडीतले लोक बाहेर आले. सगळे म्हणाले, आजीवर गेली. तिचं नाव भिमी ठेवलं. भिमी नव्वद वर्षं जगली असं म्हणतात, आणि तिची जीभ आजीपेक्षा तिखट होती.

आवडी म्हातारी झाली. एका श्रावणात ती वारुळापाशी गेली, पाठ टेकून बसली आणि उठली नाही. गाव शोधत गेलं तोवर वाळवीनं तिच्या भोवती माती चढवली होती. कुणी ती उकरली नाही. आता उकरायची हिंमत कुणाची होणार! ते वारूळ तुम्ही पाहिलंत, तेच ते. श्रावणात कान लावला तर आत कुणीतरी पुटपुटतं. मी ऐकलंय.

पुढे गावातल्या बाप्यांना तिचं देऊळ बांधायची हुक्की आली. दगड आणले, मुहूर्त काढला. भिमी तिथे जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, "जिच्या लेकीला पायलीभर तांदूळ दिले नाहीत, तिला आता नारळ देता होय? दगड उचला!" दगड उचलले. म्हणून आपल्याकडे आवडीचं देऊळ नाही, मूर्ती नाही, जत्रा नाही.

आहे ते एवढंच. श्रावणात वारुळावर पहिली अळंबी दिसली, की सगळं गाव तिथे जमतं. इतर गावांत गुरव गाऱ्हाणं घालतो, आपल्याकडे गावातली सगळ्यात म्हातारी बाई उभी राहते. बाप्ये टोप्या काढून, मान खाली घालून समोर बसतात. ती वर्षभराच्या सगळ्यांच्या चुका नावं घेऊन काढते. सरपंच असो, सावकार असो, उलट बोलायचं नाही. प्रत्येक शिवीला सगळ्यांनी मिळून म्हणायचं, "व्हय आये."

आणि अगदी शेवटी ती विचारते, "येसू कशानं मेली?"

"दूध आटलं म्हणून, आये."

"दूध कशानं आटलं?"

"वारूळ नेलं म्हणून, आये."

"कुणी नेलं?"

इथे दरवर्षी एखादा हुशार निघतोच. तो म्हणतो, "खोतानं." मग म्हातारी पहिल्यापासून सगळं पुन्हा सुरू करते, ऊन चढो की पाऊस कोसळो. एका साली असं चार वेळा झालं, लोक चिंब भिजून कुडकुडत होते, पण उठून कुणी गेलं नाही. सगळ्या तोंडांनी एकदम "आम्ही नेलं, आये" आलं, की मगच ती वाकते, वारुळावरची पहिली अळंबी हातानं पिरगळून काढते, आणि गावात त्या साली जी बाळंतीण असेल तिच्या घरी ती पोचल्याशिवाय कुणाच्या घरी चूल पेटत नाही.